जादा टाकी

प्रवासाला निघणाऱ्या माणसाच्या फडक्यात माझी आई नेहमी एक दशमी जास्त बांधीत असे. दोन वेळचे जेवण पुरेल एवढ्या दशम्या मोजून झाल्या, की ती आणखी एक घेई, तिचा कोपरा मोडून आधी स्वतः चाखून पाही आणि मगच ती इतरांबरोबर ठेवी. “आता ही कशाला?” असे कोणी विचारले, तर ती एवढेच म्हणे, “वाट लांबली तर?” बहुधा वाट लांबत नसे आणि दशमी तशीच घरी परत येई. परंतु ती आपल्याजवळ आहे, एवढ्या जाणिवेनेच चालणाऱ्याचे पाय हलके होत असत.

साठी उलटून गेल्यावर मला ती दशमी पुन्हा आठवली, ती एका मोटारसायकलमुळे.

आमच्या जाफराबादेत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे मोटारसायकल-दुरुस्तीचे दुकान आहे. शाळेत असताना त्याचे लक्ष पुस्तकापेक्षा माझ्या सायकलच्या साखळीकडे अधिक असे. त्याने डोंगरवाटांसाठी बनवलेली एक उंच मोटारसायकल घेतली आणि एके दिवशी ती माझ्या दारात उभी करून तो म्हणाला, “गुरुजी, लेहला जायचं का? मी चालवतो, तुम्ही मागे बसा.” चाळीस वर्षे ज्याने मुलांना नकाशातला हिमालय दाखवला, परंतु स्वतः कधी पाहिला नाही, अशा माणसाने या प्रश्नाला काय उत्तर द्यावे? मी त्याच दिवशी नकाशा काढून बसलो.

मनालीहून लेहकडे जाणारा रस्ता हिमाचल प्रदेशातील लाहौल भागातून जातो. तेथे तांदी नावाचे गाव आहे. या गावापाशी चंद्रा आणि भागा या दोन नद्या एकमेकींना मिळतात आणि पुढे चंद्रभागा होऊन वाहतात. तीच खाली चिनाब म्हणून ओळखली जाते. पंढरीची चंद्रभागा निराळी आणि ही निराळी. तथापि नाव वाचताच माझे हात जोडले गेले. आमचे जाफराबादही केळना आणि पूर्णा यांच्या संगमावर वसलेले आहे. एका संगमावरून निघून दुसऱ्या संगमावर जावे, ही कल्पना मला फार गोड वाटली. परंतु माझ्या विद्यार्थ्याला तांदी ठाऊक होते ते निराळ्या कारणाने. तेथील पेट्रोल पंपावरची एक पाटी मोटारसायकलस्वारांत फार प्रसिद्ध झाली होती. पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर आहे, असे ती पाटी प्रवाशांना बजावीत असे.

आम्ही हिशेब मांडला. त्याच्या गाडीच्या टाकीत ११ लिटर पेट्रोल मावते. सपाट रस्त्यावर एकटा स्वार असता गाडी पुष्कळ पळते. पण दोन माणसे, सामान आणि सतत चढ असा संसार घेऊन ती लिटरला २७ किलोमीटरच जाईल, असे आम्ही धरले. ११ गुणिले २७ म्हणजे २९७. तूट ६८ किलोमीटरची. ती भरून काढायला अडीच लिटर पेट्रोल पुरे. पण आईचा नियम लावून आम्ही ते दुप्पट केले. पाच लिटरची एक जादा टाकी हवी, असे ठरले.

“तयार कॅन विकत मिळतो, गुरुजी,” विद्यार्थी म्हणाला.

“विकत कशाला? आपण बनवू,” मी म्हणालो. निवृत्त माणसाला वेळ पुष्कळ असतो आणि आपल्याला काहीतरी बनवता येते हे सिद्ध करण्याची हौस त्याहूनही मोठी असते.

प्रथम मी पुठ्ठ्याचा नमुना केला. मागच्या चाकाच्या डाव्या अंगाला, धुराड्याच्या नळीपासून दूर, जेवढी जागा होती तेवढ्या मापाची एक चपटी पेटी कापून, चिकटवून तयार केली. लांबी ३० सेंटिमीटर, उंची २० आणि जाडी १० सेंटिमीटर. म्हणजे ६,००० घनसेंटिमीटर किंवा सहा लिटर. पाच लिटर पेट्रोल आणि वर एक लिटर मोकळी जागा. ही जागा मी मुद्दाम ठेवली होती. उन्हाने तापले की पेट्रोल फुगते. पाच लिटर पेट्रोलचे तापमान ३० अंश सेल्सिअसने वाढले, तर ते सुमारे १४० मिलिलिटरने वाढते, म्हणजे मोठ्या पेलाभर. टाकी काठोकाठ भरली, तर या पेलाभर पेट्रोलाने जावे कोठे?

या टाकीतून नळी काढून ती मुख्य टाकीला जोडावी आणि मध्ये एक तोटी बसवावी, असा माझा मूळ बेत होता. विद्यार्थ्याने तो नम्रपणे मोडून काढला. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे, कारखान्याने दिलेल्या आणि नोंदणीपत्रात लिहिलेल्या तपशिलाशी विसंगत असा बदल मालकाला वाहनात करता येत नाही, हे त्याने मला सांगितले. शिष्याकडून कायदा शिकण्याचा तो माझा पहिला प्रसंग. तेव्हा नळी गेली, तोटी गेली. नुसते पेट्रोल वाहून नेणारे आणि केव्हाही काढून ठेवता येईल असे भांडे तेवढे उरले. गाडी थांबवायची, इंजिन निवू द्यायचे आणि मगच नरसाळ्याने पेट्रोल ओतायचे, असे ठरले.

पुठ्ठ्याचा नमुना घेऊन मी बाजारात चाचांकडे गेलो. चाचा म्हणजे आमच्या गावचे जुने पत्र्याचे कारागीर. नरसाळी, चाळण्या, कंदील, धान्याच्या कोठ्या या सर्वांवर त्यांचा हात फिरलेला. एके काळी घासलेटाचा रिकामा चार गॅलनी डबा त्यांच्याकडे आला, की त्याचे काय होणार नाही ते विचारावे. मी सोबत गॅरेजमधला एक जुना, पेट्रोलचा रिकामा डबा नेला होता. त्याचाच पत्रा कापून टाकी करावी, म्हणजे खर्च वाचेल, असा माझा विचार.

चाचांनी डबा हातात घेतला, झाकण काढून लांबूनच वास घेतला आणि काही न बोलता तो उचलून रस्त्याच्या पलीकडे नेऊन ठेवला. परत येऊन ते म्हणाले, “मास्तरसाब, भरे डब्बे से इत्ता नको डरो. खाली डब्बे से डरो.”

मला प्रथम हसू आले. पण घरी येऊन पुस्तक काढले, तेव्हा चाचांचे बोलणे अक्षरशः खरे असल्याचे कळले. पेट्रोल स्वतः जळत नाही. जळते ती त्याची वाफ, आणि तीही हवेत योग्य प्रमाणात मिसळली तरच. हवेत पेट्रोलच्या वाफेचे प्रमाण सुमारे दीड टक्क्यापासून साडेसात टक्क्यांपर्यंत असले, की एका ठिणगीने स्फोट होतो. भरलेल्या डब्यात हवेला जागाच थोडी असते. रिकाम्या डब्यात मात्र तळाशी राहिलेल्या चार थेंबांची वाफ आणि वरची हवा यांचा नेमका असा घातकी मिलाफ होऊ शकतो. शिवाय ही वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे ती वर उडून जात नाही. जमिनीलगत सरपटत दूरच्या विस्तवापर्यंत पोहोचते. मी नेलेल्या त्या ‘रिकाम्या’ डब्याला चाचांनी आपले तापलेले हत्यार लावले असते, तर? पैसे वाचवण्याच्या माझ्या हौसेने त्या दिवशी एका म्हाताऱ्या कारागिराच्या जिवावर बेतले असते. हा विचार आजही मला रात्री कधी कधी जागा करतो.

टाकी अर्थात नव्या कोऱ्या पत्र्याची झाली. चाचांनी कडा दुमडून एकमेकींत अडकवल्या, नवसागर लावून सांधे साफ केले आणि त्यांवर कथील-शिशाची झाळ दिली. आत मध्यावर एक भोके पाडलेला आडवा पत्रा बसवला. गाडी वळताना किंवा थांबताना आतले द्रव एकदम एका बाजूला आदळू नये, म्हणून रस्त्यावरच्या मोठ्या टँकरमध्येही असेच पडदे असतात. वर ओतण्यासाठी एक तोंड आणि त्याच्याजवळ हवेसाठी एक बारीक नळी. तेलाच्या डब्याला घरातली बाई एक भोक न पाडता दोन का पाडते, हे ज्याने पाहिले आहे त्याला या दुसऱ्या नळीचे प्रयोजन सांगावे लागत नाही. हवा आत गेल्याशिवाय तेल बाहेर येत नाही. टांगलांग ला या खिंडीत तर, सुमारे ५,३०० मीटर उंचीवर, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो. खाली घट्ट बंद केलेला डबा तेथे पोट फुगवून बसतो. म्हणून झाकण उघडण्यापूर्वी आतला दाब हळूच सोडता आला पाहिजे.

काम संपल्यावर चाचा म्हणाले, “पानी रखो, तेल रखो. पेट्रोल का मैं नहीं बोलता.” मी तिकडे लक्ष दिले नाही.

टाकीला चंदेरी रंग दिला. ती पाण्याने भरून रात्रभर कोरड्या वर्तमानपत्रावर ठेवली. सकाळी कागदावर थेंब नव्हता. मग ती गाडीला बांधून, पाण्याने भरलेल्या अवस्थेत, आम्ही तीन दिवस टेंभुर्णीच्या बाजूच्या खडबडीत वाटांवर हिंडलो. थेंब नाही. मी शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून टाकी दाखवली. एका मराठीच्या शिक्षकाने हे केले, याचे त्यांना कौतुक वाटले. आणि खरे सांगायचे तर त्यांच्याहून अधिक मला वाटले.

त्याच सुमारास मी पेट्रोलच्या डब्यांचा इतिहास वाचीत होतो. दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात ब्रिटिश फौजा पेट्रोल नेत ते पातळ पत्र्याच्या चार गॅलनी डब्यांतून. म्हणजे जवळजवळ आपल्या घासलेटाच्या डब्यांतूनच. धक्क्यांनी त्यांचे सांधे उलत आणि पेट्रोल वाळूत मुरून जाई. सैनिकांनी त्यांना लेचापेचा अशा अर्थाचे नाव ठेवले होते. जर्मनांनी मात्र १९३७ सालीच २० लिटरचा एक डबा तयार केला होता. पोलादी पत्र्याचे दोन अर्ध साच्यात दाबून ते वितळजोडाने एकत्र केलेले, सांधा आत घेतलेला, उचलायला तीन मुठी, वर हवेचा कप्पा, आणि दोन्ही पोटांवर खोलगट फुली. जर्मनांना इंग्रज सैनिक ‘जेरी’ म्हणत, म्हणून तो डबा जगभर ‘जेरीकॅन’ झाला.

या डब्याचा आपल्या देशाशीही संबंध आहे. १९३९ च्या उन्हाळ्यात पॉल प्लाइस नावाचा एक अमेरिकन अभियंता आपल्या जर्मन सहकाऱ्याबरोबर बर्लिनहून मोटारीने हिंदुस्थानाकडे निघाला. वाटेत पाणी जवळ असावे, म्हणून त्या सहकाऱ्याने असे तीन डबे मिळवले. पुढे सहकाऱ्याला जर्मनीत परत बोलावण्यात आले. जाताना त्याने डब्याच्या घडणीची सारी माहिती प्लाइसला दिली. प्लाइस एकटाच कलकत्त्यापर्यंत आला, तेथे मोटार ठेवून स्वदेशी परतला आणि हा डबा आपल्या सैन्याने स्वीकारावा म्हणून खटपट करू लागला. त्याचे म्हणणे प्रथम कोणी फारसे मनावर घेतले नाही.

हे सारे मी मोठ्या रसाने विद्यार्थ्याला सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “गुरुजी, त्या डब्याच्या पोटावर फुली कशाला असेल?”

“शोभेला असेल,” मी म्हणालो.

त्याने आमच्या टाकीच्या सपाट पोटावर अंगठा दाबला. पत्रा ‘टक्’ करून आत गेला. अंगठा काढताच ‘टक्’ करून बाहेर आला. “हे असं खड्ड्याखड्ड्याला होणार. पत्रा लवतो, पण त्याचा सारा ताण सांध्यावर येतो. ती फुली पत्र्याला ताठ ठेवते. आपण एकदा रॉकेलने पाहू या का? तुमच्याकडे खडू असतील ना?”

खडूची माझ्याकडे काय वाण! थंडीतल्या एका सकाळी, अंगणात, विस्तवापासून दूर आम्ही ही परीक्षा घेतली. खडू कुटून पाण्यात कालवले आणि चुना द्यावा तसे ते टाकीच्या सर्व सांध्यांवर बाहेरून फासले. ते वाळून पांढरेशुभ्र झाल्यावर आत थोडे रॉकेल ओतले आणि टाकी एकेका अंगावर कलती ठेवीत गेलो. पाण्याचे थेंब आपल्या पृष्ठताणामुळे बारीक फटीच्या तोंडाशीच अडून बसतात. रॉकेल किंवा पेट्रोल यांचा पृष्ठताण पाण्याच्या सुमारे एक-तृतीयांश. त्यामुळे पाणी जेथे थांबते तेथून ती निर्धास्त पाझरतात. पाण्याने दिलेल्या प्रशस्तिपत्राचा पेट्रोलापुढे उपयोग नाही.

दहा मिनिटे गेली. मागच्या खालच्या कोपऱ्यात पांढऱ्या खडूवर मोहरीएवढा एक करडा ठिपका दिसू लागला. पाहता पाहता तो वाटाण्याएवढा झाला. तीन दिवसांच्या धक्क्यांनी तेथली झाळ केसाएवढी उलली होती.

जन्मभर ज्या खडूने मी इतरांच्या चुका फळ्यावर दाखवल्या, त्याच खडूने आज माझी चूक दाखवली होती. परंतु माणसाचे मन मोठे लबाड असते. मी म्हणालो, “एवढासा तर ठिपका आहे. कपड्याचा साबण दाबून बसवला, की थांबेल. टाकी गळली म्हणजे मेकॅनिक लोक तसेच करतात ना?”

“करतात, गुरुजी. पण गॅरेजपर्यंत पोहोचण्यापुरतं,” तो म्हणाला. मग क्षणभर थांबून, खाली पाहत तो पुढे बोलला, “सातवीत माझा पहिला नंबर अर्ध्या गुणानं गेला होता. निबंधात मी ‘दीन’ऐवजी ‘दिन’ लिहिलं होतं. एवढ्याशा वेलांटीनं काय होतं, असं मी तुम्हांला विचारलं. तुम्ही म्हणालात, ‘अर्थ तिथूनच गळतो.’”

मला तो प्रसंग मुळीच आठवत नव्हता. त्याला मात्र पंचवीस वर्षे तो आठवत होता. ज्या गरिबाविषयी त्याने लिहिले होते, तो माझ्या लाल शाईने दिवस होता होता वाचला. पण मुलाचा क्रमांक गेला. त्या वेळी मी अर्धा गुण सोडला असता, तर आज या मुलाने मला तो सोडला असता. त्याने सोडला नाही, हे पाहून मला वाईट वाटण्याऐवजी हायसे वाटले. दोन माणसांच्या पायांशी पाच लिटर पेट्रोल बांधायचे, तेथून लोकवस्ती दिवसभराच्या अंतरावर, आणि सारा भरवसा दोनशे अंश उष्णतेच्या आतच वितळणाऱ्या झाळेवर! वाट लांबली तर उपयोगी पडावी म्हणून जी वस्तू बरोबर घ्यायची, तीच वाटेत घात करणारी असेल, तर तिच्यापेक्षा उणे पेट्रोल बरे. संकटासाठी राखून ठेवलेल्या वस्तूची परीक्षा तर रोजच्या वस्तूपेक्षा कडक हवी. कारण तिची गरज पडते तेव्हा दुसरा आधार उरलेला नसतो.

मी खडूचा तुकडा उचलला आणि टाकीच्या चंदेरी पोटावर सुवाच्य अक्षरांत लिहिले : ‘पाण्यात उत्तीर्ण, रॉकेलात अनुत्तीर्ण.’ चाचांना हा निकाल सांगायला मी स्वतः गेलो. ते मुळीच रागावले नाहीत. “मैं बोला था ना?” एवढेच म्हणून त्यांनी मला चहा पाजला.

ती टाकी आता धुऊन-पुसून आमच्या अंगणात तुळशीजवळ असते. तिने रोज झाडांना पाणी घालतो. ज्या परीक्षेत ती उत्तीर्ण झाली, तेवढेच काम तिला दिले आहे आणि ते ती चोख करते. पेट्रोलसाठी आम्ही जाड पोलादी पत्र्याचा, त्याच कामासाठी बनवलेला पाच लिटरचा कॅन विकत आणला. त्याच्या पोटावर फुली आहे. तो आणल्याबरोबर माझ्या विद्यार्थ्याने पहिल्यांदा मला विचारले, “गुरुजी, खडू शिल्लक आहेत ना?”

बर्फ हटून मनाली-लेह रस्ता खुला झाला, की आम्ही निघणार आहोत. कॅनमधले पेट्रोल लागेल की तसेच परत येईल, ते रस्ता ठरवील. फडक्यात एक दशमी जास्त बांधायचीच आहे. बांधण्यापूर्वी मात्र तिचा कोपरा मोडून आधी चाखून पाहीन.